जामनेरच्या ओट्यावर अमेरिका

गेल्या डिसेंबरात आम्ही जामनेरला गेलो ते भाचीच्या मुलाच्या अकीक्यासाठी. दोन दिवस राहिलो, अकीक्याचं मटण आणि वांग्याचं भरीत दोन्ही पोटभर खाल्लं, आणि परत आलो ते डोक्यात अमेरिका घेऊन. जामनेरला जाऊन कुणी अमेरिका पाहून येतं का, असं आमच्या शेजाऱ्यांनी विचारलं. येतं. कसं, ते सांगतो.

नाशिकहून सकाळच्या गाडीनं आम्ही दोघं आणि दोन मुलं पाचोऱ्याला उतरलो. जळगावपर्यंत जाऊन नेरीमार्गे जामनेर गाठणं जास्त सोयीचं आहे, हे आम्हाला ठाऊक आहे. पण आमच्या घरात जामनेरला जाणं म्हणजे पाचोऱ्याला गाडी बदलणं, ही जुनी सवय. ती दुसरी गाडी म्हणजे पीजे. पाचोरा ते जामनेर ५६ किलोमीटर, रुळांमधलं अंतर अडीच फूट, आणि वेळ दोन-अडीच तास. वरखेडी, पिंपळगाव, शेंदुर्णी, पहूर, भागदरा, मग जामनेर. पहिलं महायुद्ध संपत होतं त्या सुमारास, १९१८-१९ मध्ये, ही गाडी सुरू झाली. या काळ्या मातीतला कापूस मुख्य लाइनवर आणायचा, तिथून मुंबईला आणि पुढं विलायतेला, हा साहेबाचा हिशोब. माणसंही बसू लागली, ती कापसाच्या मागून.

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली आणि पीजे थांबली, ती थांबलीच. आता ब्रॉडगेज होणार, बोदवडपर्यंत जाणार असं सांगतात. आमच्या धाकट्यानं विचारलं, “अब्बू, गाडी गेली कुठं?” आम्ही म्हणालो, “बेटा, एका विषाणूनं थांबवली.” हे उत्तर आम्ही सहज दिलं होतं, पुढच्या दोन दिवसांत बोलणं पुन्हा पुन्हा त्याच विषाणूवर येणार होतं, हे तेव्हा माहीत नव्हतं.

एसटीनं शेंदुर्णी-पहूर करत जामनेरला पोहोचलो. रस्त्याच्या दोन्ही अंगाला कापूस. काही शेतं अजून पांढरी, काही ठिकाणी सप्टेंबरातल्या अतिवृष्टीनं काळवंडलेली बोंडं तशीच लटकलेली. कांग नदी ओलांडून आपाच्या घरी गेलो, तर दारातच बडी अम्मा बाळाला तेल लावत बसलेल्या. बडी अम्मा म्हणजे आपाच्या सासूबाई. वय ऐंशीच्या घरात, दात चार, आवाज मात्र मुअज्जिनला लाजवील असा.

ईशाची नमाज झाली की आमच्या दूल्हाभाईंच्या ओट्यावर चार-सहा जण जमतात. थंडी होती, म्हणून शेकोटी पेटवली होती. शेजारचे पाटील होते, जिनिंगमध्ये काम करणारे एक चाचा होते, आणि उर्दू शाळेतून निवृत्त झालेले मास्तरचाचा होते. आम्हाला वाटलं, गप्पा नगरपालिकेच्या निघतील. निघाल्या ट्रम्पच्या.

दूल्हाभाईंचा सहा एकर कापूस. लांब धाग्याच्या कापसाचा २०२५-२६ च्या हंगामाचा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये होता. पण सीसीआयच्या केंद्रावर माल घालायचा तर आधी मोबाइलवर ‘कपास किसान’मध्ये नोंदणी करा, मग नंबर येण्याची वाट पाहा, आणि ओलावा १२ टक्क्यांच्या आत हवा. ८ टक्क्यांच्या वर गेला की भाव कापला जातो. पावसात भिजलेला कापूस १२ च्या आत कसा यायचा? मग खाजगी व्यापारी, आणि त्याचा भाव हमीभावाच्या खाली.

“यात ट्रम्पचा काय संबंध?” आम्ही विचारलं.

पाटलांनी तो बोटांवर मोजून सांगितला. ७ ऑगस्ट २०२५ ला अमेरिकेनं आपल्या मालावर २५ टक्के कर लावला. २७ ऑगस्टला आणखी २५, म्हणजे एकूण ५०. दुसऱ्या पंचवीसचं कारण, आपण रशियाचं तेल घेतो. अमेरिकेला जाणारं कापड महागलं, गिरण्या अडचणीत आल्या. त्यांना दिलासा म्हणून आपल्या सरकारनं १९ ऑगस्टपासून परदेशी कापसावरचं ११ टक्के आयातशुल्क काढलं; आधी सप्टेंबरअखेरपर्यंत, मग वाढवून डिसेंबरअखेरपर्यंत. नेमका आपला कापूस घरात आला, तेव्हा बाहेरचा कापूस बिनशुल्काचा बाजारात.

“म्हणजे बघा भो,” पाटील म्हणाले, “तेल रशियाचं, राग अमेरिकेचा, आणि भाव पडला जामनेरचा.”

मास्तरचाचा हसले. म्हणाले, हे पहिल्यांदा होत नाही. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, दक्षिणेची बंदरं अडवली गेली, मँचेस्टरला कापूस मिळेना. तेव्हा खानदेश-वऱ्हाडच्या कापसाला कधी नव्हे तो भाव आला. १८६५ मध्ये युद्ध संपलं, भाव कोसळला आणि मुंबईतल्या पेढ्या बुडाल्या. “आपल्या आजोबांच्या आजोबांनी अमेरिकेचा नकाशा पाहिला नव्हता,” ते म्हणाले, “पण अमेरिकेनं त्यांचं घर पाहिलं होतं.”

मग बोलणं काट्यावर आलं. कापूस पिकवणाऱ्या गावात काट्याचा विषय निघाला नाही अशी रात्र नसते. जिनिंगवाले चाचा म्हणाले, “ओलाव्याचं यंत्र १४ दाखवतं, शेतकरी यंत्राला शिव्या देतो. द्याव्याच लागतात, माल त्याच्या घामाचा असतो. पण एकानंही अजून यंत्र उचलून आपटलं नाही. कारण उद्या तेच यंत्र ९ दाखवेल, तेव्हा ते जागेवर असायला पाहिजे.”

आम्हाला ही गोष्ट फार पटली. अमेरिकेत नेमकं उलटं झालं. १ ऑगस्ट २०२५ ला तिथल्या सरकारी खात्यानं नोकऱ्यांचे आकडे जाहीर केले. ते कमी निघाले. अध्यक्षांनी त्याच दिवशी त्या खात्याच्या प्रमुखबाईंना काढून टाकलं. आकडे आवडले नाहीत, काटेवाल्याला घरी पाठवा. आणि हे काही आताचंच नाही. २०१९ च्या सप्टेंबरात डोरियन नावाचं वादळ येत होतं. ते अलाबामा राज्याला धडकेल असं साहेब बोलून गेले होते, हवामान खात्याचा अंदाज तसा नव्हता. मग साहेबांनी जो नकाशा दाखवला, त्यावर काळ्या पेनानं वादळाची रेघ अलाबामापर्यंत ओढलेली होती.

ओट्यावर हशा पिकला. पाटील म्हणाले, “तो पेन सप्टेंबरात आमच्याकडे पाठवायला पाहिजे होता. ढग थोडे मध्य प्रदेशात सरकवले असते.”

हसून झाल्यावर मास्तरचाचा गंभीर झाले. म्हणाले, “हसा. पण आपला पाऊस सांगणारेही तिकडे बघतात.” ते खरं आहे. प्रशांत महासागराचं पाणी तापलं की एल निनो होतो, आणि एल निनोच्या वर्षी आपल्या पावसाला धोका असतो. त्या समुद्रात तरंगती यंत्रं सोडून पाण्याचं तापमान मोजायचं काम अनेक वर्षं मुख्यतः अमेरिकेची नोआ ही संस्था करते. हिंदी महासागरातल्या तशाच यंत्रांच्या कामात भारत आणि अमेरिका भागीदार आहेत. २०२५ च्या सुरुवातीला त्या संस्थेतल्या शेकडो लोकांना काढलं गेलं. वॉशिंग्टनमध्ये पगार वाचला. पेरणी कधी करायची हे ठरवणारा माणूस मात्र जामनेरमध्ये आहे.

दहाच्या सुमारास अमेरिकेतून भाच्याचा व्हिडिओ कॉल आला. आपाचा मोठा मुलगा. जामनेरच्या उर्दू शाळेत शिकला, जळगावला बीएस्सी केलं, पुढं शिकत शिकत तिकडच्या एका विद्यापीठात पोहोचला. विषाणूंवर संशोधन करतो. बहिणीच्या पहिल्या मुलाच्या अकीक्याला यायची त्याची फार इच्छा होती, तिकीटही पाहून ठेवलं होतं. आला नाही.

कारण त्यानं सांगितलं. व्हिसावर नवा शिक्का घ्यायला भारतात यावं लागतं. १५ डिसेंबरपासून तिथल्या सरकारनं अर्जदारांची समाजमाध्यमांवरची खाती तपासायला घेतली, आणि भारतातल्या मुलाखतींच्या तारखा कित्येक महिने पुढं ढकलल्या गेल्या. आला तर अडकला. शिवाय १९ सप्टेंबरला नव्या एच-वन-बी अर्जावर एक लाख डॉलर शुल्क जाहीर झालं. रुपयात सुमारे ९० लाख. आपानं आकडा ऐकून विचारलं, “एवढ्यात जामनेरला किती घरं येतील रे?” भाचा म्हणाला, “अम्मी, शास्त्रज्ञ एवढे महाग नसतात.”

त्याच्या प्रयोगशाळेचं सरकारी अनुदान मे महिन्यात अडकलं, दोन सहकारी गेले. अमेरिकेत आरोग्याच्या संशोधनाला सर्वात जास्त पैसा पुरवणाऱ्या सरकारी संस्थेचं, एनआयएचचं, पुढच्या वर्षाचं बजेट सुमारे ४० टक्क्यांनी कापायचा प्रस्ताव अध्यक्षांनी मांडला होता. प्रस्ताव म्हणजे निर्णय नव्हे, शेवटचा शब्द संसदेचा. पण भाचा म्हणाला, “मामू, भिंत पाडणार असं नुसतं म्हटलं तरी घरातला माणूस सामान बांधायला लागतो.” फ्रान्समधल्या मार्सेच्या विद्यापीठानं तर अशा शास्त्रज्ञांना आसरा देण्यासाठी खास योजनाच काढली आहे. एके काळी युरोपातून पळून शास्त्रज्ञ अमेरिकेत जात. आता बोट उलटी फिरली आहे.

मग तोच म्हणाला, “आणि याच वर्षी केमिस्ट्रीचं नोबेल कुणाला मिळालं, पाहिलंत ना?” आम्ही पाहिलं होतं. ओमर याघी, तिघांपैकी एक. पॅलेस्टिनी निर्वासितांचा मुलगा, जॉर्डनमधल्या अम्मानमध्ये वाढलेला. घरात एकच खोली, तीत माणसं आणि जनावरं एकत्र, आणि पाणी ठरलेल्या वेळीच यायचं. पंधराव्या वर्षी अमेरिकेला गेला. त्यानं असे पदार्थ बनवले की त्यांच्या सूक्ष्म छिद्रांमध्ये वाळवंटातल्या कोरड्या हवेतूनही पाणी धरून ठेवता येतं. ज्याच्या घरी पाणी नव्हतं, त्यानं हवेतून पाणी काढलं. मास्तरचाचा हळूच म्हणाले, “आज तो मुलगा पंधरा वर्षांचा असता, तर त्याला दारातून आत घेतलं असतं का?” ओट्यावर कुणी उत्तर दिलं नाही.

इथपर्यंत सगळं लांबचं होतं. हसायला सोपं होतं. दुसऱ्या दिवशी दुपारी अमेरिका घरात शिरली.

जेवणं झाली होती. बाळाच्या वडिलांनी, म्हणजे आपाच्या जावयांनी, मोबाइल पुढं केला. जावई मालेगावचे, यंत्रमागाच्या धंद्यातले, समजूतदार माणूस. मेसेज असा होता: अमेरिकेनं नवजात बाळांची हिपॅटायटिस-बीची लस बंद केली. ते म्हणाले, “बाळाला जन्मल्यावर इथं दवाखान्यात तीच लस दिली आहे. आता दीड महिन्यानं पुन्हा टोचायचं म्हणतात. जिथून औषध आलं तिथंच बंद, मग आपण कशाला?”

भाचीचं तोंड उतरलं. तिचा आधीच एक अनुभव झाला होता. सप्टेंबरात ती सहा महिन्यांची गरोदर असताना अमेरिकेच्या अध्यक्षांनी गरोदर बायकांना टायलेनॉल घेऊ नका म्हणून सांगितलं होतं, मूल स्वमग्न होतं म्हणून. टायलेनॉल म्हणजे आपलं पॅरासिटामॉल. तिथल्या डॉक्टरांच्या संघटनांनी लगेच सांगितलं की असं काही सिद्ध झालेलं नाही. पण ही बिचारी तापानं फणफणत दोन दिवस गोळीशिवाय पडून राहिली होती.

योगानं आशाताई बाळाला पाहायला आल्या होत्या. त्यांनी मेसेज वाचला आणि शांतपणे सांगितलं. मेसेज अर्धा आहे. तिथल्या सल्लागार समितीनं ५ डिसेंबरला जो निर्णय घेतला, तो ज्या आईची तपासणी झाली आणि आजार नाही असं कळलं, तिच्या बाळापुरता. आणि तेही लस नकोच असं नव्हे, आईवडिलांनी डॉक्टरांशी बोलून ठरवावं असं. तिथल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेला तर तेही मान्य नाही. आपल्याकडे प्रत्येक आईची तपासणी होतेच असं नाही. मोठ्या माणसाला ही कावीळ झाली तर बहुधा शरीर ती झटकून टाकतं; तान्ह्या बाळाला झाली तर दहातल्या नऊ बाळांच्या अंगात ती कायमची मुक्काम करते आणि पुढं यकृत खाते. म्हणून पहिल्या २४ तासांत एक, आणि पुढं सहा, दहा, चौदा आठवड्यांनी.

जावई म्हणाले, “ताई, तुम्ही म्हणता ते असेल. पण ती समिती काय अडाण्यांची आहे?”

ती समिती कशी बनली हे भाच्यानं रात्रीच सांगितलं होतं. लसींवर सल्ला देणाऱ्या जुन्या १७ तज्ज्ञांना जून २०२५ मध्ये आरोग्यमंत्री रॉबर्ट केनेडी यांनी एकदम काढलं आणि आपल्या पसंतीचे नवे नेमले. हे मंत्री लसींबद्दल शंका घेण्यासाठीच अनेक वर्षं प्रसिद्ध आहेत.

हे ऐकून बडी अम्मा पहिल्यांदा बोलल्या. “तो काय म्हणतो, सुईत खोट आहे?”

“तसंच काहीसं, बडी अम्मा.”

“मग हेच तर मी म्हणत होते! मी म्हटलं तेव्हा मला जाहिल म्हणाले. तो म्हणतो तर त्याला मंत्री केला!”

घर हसून लोळलं. पण बडी अम्मा हसत नव्हत्या. पंचवीसेक वर्षांपूर्वीची गोष्ट त्यांनी जावयाला सांगितली. पोलिओच्या रविवारी थेंबवाल्या बाया आल्या की त्या नातवाला धान्याच्या कोठीमागं लपवत. थेंबानं वंश बुडतो अशी आवई मोहल्ल्यात होती; अमेरिकेचं कारस्थान आहे असं बोलत. आणि रागही होता. नळाला पाणी नाही, गटार तुंबलेलं, आजारी माणसाला कुणी विचारत नाही, आणि दारात येतात ते फक्त थेंब. कशावर विश्वास ठेवायचा? शेवटी मास्तरचाचांनी भर चौकात आपल्या स्वतःच्या नातीला थेंब पाजले, आणि म्हणाले, आता बोला. तेव्हा कुठं बडी अम्मांनी कोठीमागून पोरगं काढलं. तोच नातू आज अमेरिकेत विषाणूंवर काम करतो.

“मी चुकले होते,” बडी अम्मा म्हणाल्या. “माझी चूक कोठीएवढी होती. त्याची चूक मुलकाएवढी आहे. बेटा, तुमच्या मालेगावात गोवर आला होता तेव्हा काय झालं?”

जावई गप्प झाले. २०२२ च्या शेवटी गोवंडी, भिवंडी, मालेगाव इथं गोवराची साथ आली होती. मुलं दगावली, आणि दगावलेल्यांपैकी बहुतेकांना लस मिळालेली नव्हती. मालेगावच्या माणसाला हे वेगळं सांगावं लागत नाही. त्याच गोवराचं अमेरिकेनं २००० मध्ये उच्चाटन केलं होतं. २०२५ मध्ये टेक्सासपासून तो पुन्हा पसरला, टेक्सासमध्ये दोन मुलं गेली, आणि देशभरातल्या रुग्णांचा आकडा १९९२ नंतरचा सर्वात मोठा झाला.

आम्ही मास्तरचाचांना विचारलं, अमेरिकेबद्दलची शंका अगदीच खोटी होती का? ते म्हणाले, नव्हती. २०११ मध्ये ओसामाला शोधण्यासाठी अमेरिकेच्या गुप्तहेर खात्यानं पाकिस्तानात खोटी लसमोहीम चालवली, तीही नेमकी हिपॅटायटिस-बीचीच. त्यानंतर खऱ्या थेंबवाल्यांवर गोळ्या चालल्या. भरवसा मोडायला एक सरकार पुरतं. तो पुन्हा उभा करायला चौकाचौकात एकेक मास्तर लागतो. शास्त्र चुकत नाही असंही नाही. २००२ मध्ये बीटी कापूस आला तेव्हा अळीचा प्रश्न मिटला असं सांगितलं होतं. २०१७ मध्ये गुलाबी बोंडअळीनं तो दावा खाऊन टाकला. पण अळी बीटीला पुरून उरते आहे, हेही कापसाच्या शास्त्रज्ञांनीच मोजून दाखवलं. चूक सापडते तीही काट्यावरच.

“आणि आपणही फार हसू नये,” चाचा म्हणाले. “आपल्या घरातही काटा मोडलेला आहे.” मग त्यांनी इस्तंबूलच्या तकीउद्दीनची गोष्ट सांगितली. १५७७ मध्ये त्यानं सुलतान मुराद तिसरा याच्या मदतीनं मोठी वेधशाळा उभी केली. त्या काळात युरोपात टायको ब्राहेच्या वेधशाळेशी तुलना व्हावी अशी यंत्रं तिच्यात होती. दरबारात हवा फिरली, आणि १५८० मध्ये त्याच सुलतानाच्या हुकमानं ती पाडली गेली. बगदादमध्ये खलिफा मामूनच्या काळात ख्रिस्ती हुनैन इब्न इसहाक यांना मानानं बसवून ग्रीक विद्या अरबीत आणली, तेव्हा जग आपल्या दाराशी आलं. आपण काटे मोडले, जग दुसऱ्या दाराशी गेलं. अमेरिकेच्या दाराशी ते शंभरेक वर्षं उभं आहे. तिथंच कायम उभं राहील असं कुठं लिहिलेलं नाही.

परतीच्या दिवशी दूल्हाभाईंनी कापूस ट्रॅक्टरवर भरला होता. ओलावा ११ भरला. भाव थोडा कापला गेला, शिव्याही दिल्या गेल्या, आणि यंत्र जागेवर राहिलं.

जानेवारीच्या शेवटी आपाचा फोन आला. जावई स्वतः मालेगावहून आले होते, बाळाला घेऊन दवाखान्यात गेले, सहा आठवड्यांची लस दिली. रात्री बाळाला थोडा ताप आला. नर्सबाईंनी सांगितल्याप्रमाणे पॅरासिटामॉलचे थेंब दिले, सकाळी उतरला.

“ट्रम्पसाहेबांना विचारलं होतं का?” आम्ही विचारलं.

पलीकडून बडी अम्मांचा आवाज आला, “त्याला म्हणावं, आधी आमच्या कापसाचं बोल.”